तोंड दाखव, मुडद्या!

बाई, दुपारचे दोन वाजलेत. आपली वेळ. पडवीत मेथीचा ढीग पडलाय, उद्याच्या बाजाराच्या जुड्या बांधायच्या आहेत, आणि मी जुड्या सोडून तुमच्या पूजाच्या जुन्या वहीत तुम्हाला लिहीत बसले आहे. फोन शेजारी पालथा घालून ठेवलाय. त्यात काल सकाळपासून दवाखान्याचा एक रिपोर्ट येऊन पडला आहे. माझा. मी तो उघडलेला नाही.

दचकलात ना? तुम्ही असता तर एव्हाना फोन हिसकून घेतला असता. "उघड वं! तोंड तं पाहू दे त्याचं!" एकवीस वर्षं तुमची धाकटी जाऊ म्हणून या घरात राहिले, आणि या एका गोष्टीवर आपलं कधी पटलं नाही. सिनेमात भूत दाखवावं की दाखवू नये? तुम्ही म्हणायचात दाखवावं. मी म्हणायची, मुळीच नाही. आज त्या भांडणाचा निकाल लावायची पाळी माझ्यावर आली, आणि भांडायला तुम्ही नाही. सव्वा महिना झाला तुम्हाला जाऊन.

लिहायला बसलं की माझं मराठी शाळेतलं होतं, यावर तुम्ही नेहमी हसायचात. "बोलते आमच्यावानी अन् लिवते मास्तरनीवानी." असू द्या. बारावी झाल्याचा एवढाच उपयोग झाला, गल्लीतल्या बायांचे अर्ज लिहायचे. आज तुम्हाला अर्ज करतेय असं समजा.

आठवतं का, सुरुवात कशी झाली? पूजा तेव्हा दुसरीत होती. घरात नवी डिश लागली होती आणि दुपारचा टीव्ही पहिल्यांदा आपल्या दोघींच्या ताब्यात आला होता. अख्खं अमडापूर गाव मालिका बघायचं, तुम्हाला मालिकांचा तिटकारा. "निस्त्या नटूनथटून रडतात. कायले पाहू?" एक दिवस बटणं दाबता दाबता परदेशातला एक सिनेमा लागला, हिंदी बोलणारा. मोठं घर, गोरी बाई, आणि वरच्या मजल्यावर कोणी तरी चालतंय. तुमच्या हातातली जुडी हातातच राहिली. "कोन हाये वं वरतं?" मी म्हटलं, "माहीत नाही. तेच तं पाह्याचं." त्या दिवसापासून दोन ते साडेतीन आपला भुतांचा कार्यक्रम. पुरुष वावरात, पोरं शाळेत, आपल्या हातात मेथी आणि डोळे टीव्हीवर.

आणि त्या जुड्या! हे फक्त आपल्या दोघींनाच माहीत. नेहमीची जुडी म्हणजे एक मूठ, दोरीचे दोन वेढे, वर गाठ. पण भेव वाटायला लागलं की माझा हात आपोआप भरत राहायचा आणि एकेक जुडी दोन मुठींची व्हायची. बाजारात तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, गोंधळून जायचे. "या दहा जुड्या निब्बर अन् या दहा काडीवानी, असं कसं होते वं?" आपण दोघी पदरात तोंड घालून हसायचो. जुडी पाहून ती कोणत्या प्रसंगाला बांधली ते तुम्हाला सांगता यायचं. माझ्या जाड जुड्या सगळ्या भूत यायच्या आधीच्या. दार किरकिरतंय, झोका आपोआप हलतोय, खाटेखाली अंधार आहे, तिथल्या. प्रत्यक्ष भूत आलं की माझी जुडी पुन्हा नेहमीसारखी. तुमचं उलटं. सगळा वेळ जीव टांगलेला, जुड्या काडीसारख्या, आणि ते दिसलं रे दिसलं की दोन्ही हातांनी भरभरून, घरी पाव्हणा आल्यासारखं.

त्याला यायला उशीर झाला की तुम्ही टीव्हीशीच भांडायचात. "तोंड दाखव, मुडद्या! दीड घंट्यापासून निस्ता परदा हालवून राह्यला!" एकदा पलीकडच्या घरातली काशीबाई धावत आली. तिला वाटलं, घरात कोणाचं तरी वाजलं. तुम्ही तिला बसवून घेतलं, मूठभर मेथी तिच्या हातात दिली आणि म्हणालात, "बस, आता निंघतेच ते." निघालं खरं. हिरवं, केसाळ, लाळ गाळणारं. आणि वळलं तर पाठीला चेन! पँटीला असते तशी. ती पहिल्यांदा तुम्हीच पाहिली. "माय वं! शिवून आणलं वं त्याले!" तुम्ही इतक्या हसलात की काशीबाईच्या अंगावर कलंडलात. माझा मात्र पापड मोडला. सव्वा तास जीव मुठीत धरून बसले होते, तो सगळा त्या चेनीनं वाया घालवला.

"पाहा, हेच म्हनते मी," मी म्हटलं. "दाखवलं का मजा गेली. भेव कुठी राह्यलं आता?"

"नाहीच राह्यलं. त्याच्यासाठीच तं दाखवा लागते."

"मंग सिनेमा पाह्याचा कायले?"

"भेव घालवाले पाह्याचा. तुले काय ते पोत्यात भरून घरी न्यायचं हाये?"

गंमत अशी की आपण दोघी एकच गोष्ट सांगत होतो. दाखवलं की भीती संपते. मला त्याचं वाईट वाटायचं आणि तुम्हाला त्याचाच आनंद. माझं म्हणणं होतं की न दाखवलेलं भूत ज्याचं त्याचं असतं. काशीबाईचं वेगळं, माझं वेगळं, आणि ते मापाचं झंपर बसावं तसं प्रत्येकीला बसतं. शिवून आणलेलं कधी बसत नाही. मोठा मुद्दा काढला म्हणून मी खूश. तुम्ही मेथीची पिवळी पानं खुडता खुडता, वर न बघता म्हणालात, "बसनच. तूच तं त्याले जेवू घालून राह्यली. डोकशात ठेवलं का ते वाढतच जाते. भाईर काढ अन् पाह्य, केवढंसं हाये ते." मी चहा ठेवायला उठले.

पण मक्याचा सिनेमा मी जिंकला होता, हे तुम्हाला मान्य करावंच लागेल. त्या दिवशी तुमचे मालक, म्हणजे माझे भासरे, कणकण आली म्हणून घरीच होते, आतल्या खोलीत गोधडी घेऊन झोपलेले. सिनेमात नजर पोचेल तिथवर मका आणि त्या मक्यातून काही तरी येतंय. दिसत काहीच नाही. नुसते शेंडे हलतात, धांडे काडकाड मोडतात आणि मधूनच घुरघुर. तुम्ही मागच्या अंगणात गेलेल्या. तेवढ्यात भासरे ताडकन उठून दारात आले. टीव्हीकडे त्यांचं लक्षच नाही, कानात तेवढा आवाज. "डुकरं घुसले मक्यात!" कोपऱ्यातली काठी घेतली आणि अनवाणी निघाले वावराकडे.

आता मी काय करावं? धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, हाक तर मारायचीच नाही, हा आपल्या घरचा नेम. काही सांगायचं तर तुमच्यामार्फत, नाहीतर भिंतीला सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी उठले, पदर डोक्यावर ओढला आणि नेमाप्रमाणे भिंतीला सांगितलं, "मका टीव्हीतला हाये म्हना." भिंतीनं ऐकलं. भासरे तोवर मारुतीच्या देवळापाशी पोचले होते.

तासाभरानं आले, घामानं निथळत, पायाला चिखल. मक्याची ओळ न् ओळ पालथी घातली होती. तुम्ही सगळं सांगितलं तरी त्यांना पटेना. एवढी मोठी घुरघुर टीव्हीतून येत नाही म्हणे, रानातला रोहीच असेल, आपल्याला पाहून पळाला. आजही ते तेच सांगतात. मी तुमच्या कानात म्हटलं, "पाहा बाई, भूत दाखवलं असतं तं कोणी गोधडीतून उठलं असतं काय? याले म्हनतात सिनेमा." तुम्ही त्यांच्या पायावर तांब्यानं पाणी घालत होतात. म्हणालात, "अन् दाखवलं असतं तं थो बिचारा झोपून ताप तरी उतरला असता." पण हसू दाबताना तुमचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं.

असं हसत हसतच पुढचंही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

मिरचीचा तोडा चालू होता. तीन वर्षं होतील आता. आंघोळ करून तुम्ही मला आतल्या खोलीत हाक मारली, दार लोटून घेतलं आणि झंपराची बटणं काढली. "पाह्य बरं, रेखा. सुपारीवानी काही तरी लागते. हात लाव." माझा हात धरून तुम्ही तिथं न्यायला लागलात आणि मी तो ओढून घेतला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. एकादशी कधी आहे ते बघत असल्यासारखी. म्हटलं, "वाताची गाठ असन, बाई. मिरची निंघू द्या, मंग जाऊ डॉक्टरकडं." तुम्ही बटणं लावली. "वाताचीच असन," म्हणालात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत, आणि नेमकं हेच ऐकलंत.

चार महिने, बाई.

तुम्ही दाखवलंत आणि मी पाहिलं नाही. मला वाटलं, नाव घेतलं नाही, हात लावला नाही, तर ती आपली नुसता हलणारा पडदाच राहील. चार महिन्यांनी चिखलीला गेलो तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. मग अकोला, ऑपरेशन, मग ती औषधं आणि उलट्या. त्या चार महिन्यांनी किती फरक पडला हे मी कोणत्याही डॉक्टरला विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तर सहा महिने ऐकवणाऱ्या तुम्ही, या चार महिन्यांचा एक टोमणा मारला नाहीत. मारायचा होता, बाई. एकदा तरी. मी तुमच्या पायाशी बसून रडले असते आणि ते संपलं असतं. तुम्ही मोठ्या मनाच्या होतात आणि त्या मोठ्या मनाचा मला फार त्रास झाला.

तुमची रीत मात्र बदलली नाही. केस गेले तेव्हा मी चिखलीहून दोन रुमाल आणले होते, फुलाफुलांचे. तुम्ही ते बाजूला ठेवले, भर दुपारी उघड्या डोक्यानं अंगणात खुर्ची टाकून बसलात आणि गल्लीला हाक मारलीत. "या वं, या सगळ्या. पाहून घ्या एकदाचं, मंग आपापल्या कामाले लागा." काशीबाई आधी रडली. मग तिच्या नातीनं तुमच्या टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गुळगुळीत हाये!" आणि सगळ्या हसल्या. त्या दिवसानंतर आपल्या दारात कुजबुज म्हणून झाली नाही. मी आत उभी राहून बघत होते. मनात म्हटलं, या बाईनं आपलं भूत असं अंगणात आणून बसवलं, आणि गल्ली त्याला चहा पाजून गेली.

तुम्हीही एकदा हरलात, तेही लिहून ठेवते. अकोल्याला त्या मोठ्या मशीनच्या खोलीबाहेर आपण दोघी बाकावर बसलो होतो. दार बंद. वर लाल दिवा. आतून ठकठक आवाज. तुमच्या आधीची बाई आत गेलेली, बाहेर यायचं नाव नाही. तुम्ही माझा हात घट्ट धरलात आणि हळूच म्हणालात, "रेखा, तुयं खरं हाये वं. दार बंद असलं का लय भेव वाटते." मला जिंकल्याचा काडीचाही आनंद झाला नाही. मी म्हटलं, "नाही बाई, तुमचंच खरं. उघडलं का काही नसते." आपण दोघी एकमेकींची बाजू घेऊन भांडलो, आणि तुमचं नाव पुकारलं.

शेवटच्या महिन्यात तुम्हाला टीव्हीपुढे बसवत नव्हतं. मग मी दोन वाजता खाटेशी बसून सिनेमा सांगायची. एक नवा पाहिला होता, त्यात शेवटपर्यंत काहीच दाखवत नाहीत. मी रंगवून सांगितला, अगदी शेवटच्या दारापर्यंत, आणि थांबले. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "अन्?" मी म्हटलं, "अन् संपला." तुम्ही एक डोळा उघडलात. "म्हंजे? मेल्यावर बी मले असंच ताटकळत ठेवतं काय वं? सांग, कसं दिसत होतं." मग मला एक बनवावंच लागलं. दात वखराच्या लोखंडी पासेएवढे, पाय बगळ्याचे, डोक्यावर काशीबाईच्या मोठ्या जावयासारखी टोपी, आणि दार उघडून ते म्हणतं काय, तर "वांगे हायेत काय ताजे?" तुम्ही हसलात, खोकलात, पुन्हा हसलात. "हे चांगलं हाये," म्हणालात. "याले भ्याले कोनाच्या बापाचं काही जात नाही." सगळा सिनेमा बिघडवला मी त्या दिवशी. बिघडवलेला तो एवढा एकच, आणि मला त्याचं समाधान आहे.

त्याच महिन्यात ती माझ्या हाताला लागली. आंघोळ करताना, डाव्या बाजूला. मी साबण तसाच धुऊन टाकला आणि कपडे घातले. तुम्हाला सांगितलं नाही. सांगणार कशी? तुमचा एकेक श्वास मोजत सगळं घर बसलेलं. पण तुम्ही ओळखलंत. तुमची उशी सरळ करायला वाकले तर म्हणालात, "काय लपवून राह्यली?" मी म्हटलं, "काही नाही, खांदा भरला." त्या दिवशी तुमच्या अंगात जोर असता तर मला चार शिव्या घालून तिथल्या तिथं कबूल करून घेतलं असतं, हे मला माहीत आहे. तुम्ही नुसता माझा दंड दाबलात. डावाच.

तेरावं झालं, आणखी काही दिवस गेले. मागच्या आठवड्यात मी बियाणं आणायचं म्हणून एकटी चिखलीला गेले. सोनोग्राफी झाली, सुई टाकून तपासणी झाली. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. निघताना म्हणाल्या, रिपोर्ट फोनवर येईल, सोमवारी या, आणि सोबत कोणाला तरी आणा. मी मान हलवली. घरी कोणालाच सांगितलं नाही. तुमच्या दिराला सांगावं तर त्यांचा भावजयीसाठी रडून रडून घसा बसलेला. पूजाला सांगावं तर त्या पोरीनं आत्ता कुठे पोटभर जेवायला सुरुवात केली. आणि रिपोर्ट इंग्रजीत. माझी बारावी त्याच्यापुढे कमी पडते. म्हणजे तो पाहायचा तर कोणाला तरी दाखवावा लागणार. घरात तो वाचू शकणारं माणूस एकच. तुमच्या फायली वाचून वाचून तुमच्या लेकीला ती भाषा येते.

काल सकाळपासून त्या फोनमध्ये काय काय होऊन बसलंय ते विचारू नका. कधी लिंबाएवढं, कधी नारळाएवढं. न दाखवलेल्या भुताची मी इतकी वर्षं तारीफ केली, त्याचं हे फळ. जेवणाची चव गेली. बाई, मी अजूनही म्हणते, सिनेमात दाखवू नये. तिथं माझंच खरं. पण घर म्हणजे सिनेमा नाही, आणि एवढं मला कळायला तुम्हाला जावं लागलं. लाज वाटते.

आता वही मिटते आणि पूजाला हाक मारते. तुम्ही असता तर पाठीवर एक धपाटा घालून म्हणाल्या असतात, मर एकदाची, पण उघड.

पाच वाजलेत. पुन्हा लिहायला बसले आहे. काय झालं ते सगळं सांगते.

पूजा माळवदावर वाळलेले कपडे काढत होती. खाली आली. मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "वाच." तिनं दवाखान्याचं नाव पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. आधी तिला वाटलं, तुमचाच एखादा जुना रिपोर्ट असेल. मग खालचं माझं नाव पाहिलं. "काकू, हे तुमचं हाये?"

"हाव."

"कवापासून?"

"आई होती तवापासून."

"अन् तुम्ही मले सांगतलं नाही? मी काय लहान हावो? आईचं सगळं मी नाही केलं काय?" ती ओरडली, बाई, अगदी तुमच्यासारखी, पार रस्त्यावर ऐकू जाईल अशी. मी म्हटलं, "आता वाच, मंग भांड." ती पायरीवर बसली आणि वाचायला लागली. ओठ हलत होते. एकदा वाचलं, बोटानं पुन्हा वर सरकवलं, परत वाचलं. मी खाली बघितलं नाही की कॅलेंडरकडे बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तेच हाये, काकू," ती म्हणाली.

मी उभीच होते. मग तिनं बोटानं फोनवर एका आकड्याशी टिचकी मारली. "पन हे पाहा. आकरा मिलिमीटर. आईची पह्यल्या खेपेलेच पाच सेंटिमीटर होती. अन् काखेत काही दिसलं नाही, असं लिहेल हाये. पाहा नं, नीट पाहा." तिनं आत जाऊन डब्यातून हरभऱ्याचा दाणा आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "याच्याहून जराशीच मोठी. एवढीशी हाये ते! याले तुम्ही एकट्या भेऊन राह्यल्या होत्या?"

मग ती रडली. मग मी रडले. आणि डोळे पुसायच्या आधीच ती अंगणात जाऊन मोठ्यानं हाका मारायला लागली. "बाबा! काका! इकडं या लौकर. काकूले गाठ हाये, लहान हाये, सोमवारी जा लागते!" तुमचीच पोरगी. पाच मिनिटंसुद्धा तिनं काही लपवू दिलं नाही. वावरातून नुकतेच आलेले सगळे मातीच्या हातांनीच धावत आले. तुमचे दीर मटकन खाली बसले, मग उठले आणि मला म्हणाले, "बियाणं आणाले गेली होती नं तू?" रागावले की रडायला आले ते कळेना. काशीबाई भिंतीवरून डोकावली. आता बहुतेक अख्ख्या गल्लीला माहीत झालंय. तिनं येऊन उरलेल्या मेथीच्या जुड्या बांधायला घेतल्या.

पूजानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लवकर आलात, आधी ऑपरेशन, मग पुढचं ठरवू, अशा पुष्कळ बाया बऱ्या होऊन कामाला लागतात. हे मी स्वतःच्या कानानं ऐकलं, फोन मोठ्या आवाजावर होता.

इथं मला थांबायला आवडलं असतं, बाई. पण एक राहिलं. इतका वेळ लिहूनही मी ते खाटेखालीच ठेवलंय आणि तुम्ही ते मला तिथं ठेवू देणार नाही. माझी गाठ वाईट निघेल, एवढंच भेव मला नव्हतं. ती बरी होण्यासारखी निघेल, याचंही होतं. तुमची वेळ मी मिरचीच्या नावाखाली घालवली आणि माझी मला सापडली. हे कोणत्या तोंडानं तुम्हाला सांगायचं? म्हणून फोन पालथा घातला होता. खरं कारण हे.

सांगितलं. पाहा आता केवढं आहे ते, आणि काय शिव्या घालायच्या त्या घाला. मी ऐकून घेईन. पण सोमवारी मी जाणार आहे, टेबलावर झोपणार आहे, आणि परत येणार आहे. मला जगायचं आहे, बाई.